काचघरातली भुरी: मार्गेटच्या द्राक्षवेलीपासून कॅनडातील गांजाच्या खोल्यांपर्यंत

आयर्लंडमधील बटाट्याच्या करप्यावर मागे जो धागा लिहिला होता, त्याखाली एका वाचकाने प्रश्न विचारला होता. परदेशात जिथे गांजाची लागवड कायदेशीर झाली आहे, तिथे ती बंद खोल्यांत, दिव्यांच्या उजेडात केली जाते. त्या झाडांच्या पानांवर पिठासारखी पांढरी बुरशी येते आणि ती घालवता घालवता उत्पादक मेटाकुटीला येतात. ही आपल्या द्राक्षावरची भुरीच का?

थोडक्यात उत्तर असे: कूळ एकच, जात निराळी. पण हा प्रश्न मनातून जाईना. भिंतींआडच्या पिकावर भुरी पडणे आणि तिच्यावर उपाय शोधणे, या गोष्टीला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवातही एका बंद जागेतच होते. शिवाय माझा जन्म निफाड तालुक्यातला, द्राक्षबागेच्या घरातला. थंडीच्या दिवसांत, ढगाळ हवा सुटली की वडील पहाटे विजेरी घेऊन मंडपाखाली शिरत आणि पान उलटेपालटे करून पाहत. घरात तेव्हा फारसे कोणी बोलत नसे. गंधकाच्या धुरळणीनंतर चुरचुरणारे डोळे आणि कपड्यांना दोन-दोन दिवस येणारा तो वास माझ्या बालपणाचाच भाग आहे. तेव्हा आजचा धागा भुरीचा.

प्रथम हा रोग नेमका काय, ते पाहू. कारण पुढचा सारा इतिहास त्याच्या स्वभावावर उभा आहे. बहुतेक बुरशींना अंकुरण्यासाठी पानावर पाण्याचा थर लागतो. डावणीला दव लागते, करप्याला पाऊस लागतो. भुरीचे तसे नाही. तिचे बीजाणू कोरड्या पानावरही रुजतात. हवेत दमटपणा असला, हवा कोंडलेली असली आणि सावली असली की तिला पुरते. पानावर साचलेले पाणी उलट तिला मानवत नाही. आणखी एक विशेष म्हणजे ती पानाच्या आत शिरून बसत नाही. तिचे जाळे पृष्ठभागावरच पसरते; फक्त बारीक शोषके वरच्या थरातील पेशींमध्ये खुपसून ती अन्न ओढते. पान मेले की तीही मरते, म्हणून ती पानाला लवकर मरू देत नाही. उघड्या शेतात ऊन, वारा आणि पाऊस तिला थोडाफार आवर घालतात. काचेच्या छपराखाली या तिघांपैकी कोणीच पुरते पोचत नाही. काच सूर्याच्या अतिनील किरणांतील मोठा आणि बुरशीला घातक असा भाग अडवते, हे तर त्या काळी कोणाला ठाऊकही नव्हते.

आता १८४५ साली जाऊ. इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर मार्गेट नावाचे गाव आहे. तिथल्या एका सधन गृहस्थाच्या काचघरात एडवर्ड टकर नावाचा माळी द्राक्षवेली सांभाळत असे. इंग्लंडच्या गारठ्यात चांगली खाण्याची द्राक्षे पिकवायची तर ती काचेखाली, उबेत, हा तेव्हाचा श्रीमंती शौक होता. त्या वर्षी टकरला वेलींच्या कोवळ्या फुटीवर आणि मण्यांवर पांढुरकी भुकटी दिसली. मणी वाढायचे थांबले, साल ताठरली आणि ते तडकले. निफाडच्या कोणत्याही शेतकऱ्याने हे वर्णन ऐकून पुढचे वाक्य स्वतःच पूर्ण केले असते. पण टकरच्या आधी युरोपात द्राक्षावर हे पाहिल्याची नोंद नाही.

एक योगायोग सांगण्याजोगा आहे. याच १८४५ साली ब्रिटनने काचेवरचा जुना अबकारी कर रद्द केला. काच स्वस्त झाली आणि काचघरे सरदारांच्या वाड्यांतून मध्यमवर्गीयांच्या परसात उतरू लागली. रोग आला तो या लाटेच्या आधी, म्हणजे स्वस्त काचेने तो आणला असे मुळीच म्हणता येणार नाही. पण पुढची काही वर्षे त्याला राहायला घरांची वाण पडली नाही, एवढे खरे.

टकरने काय केले? तो पंडित नव्हता. मात्र सप्ताळूच्या, म्हणजे पीचच्या झाडांवर अशीच पांढरी भुकटी येते आणि त्यावर गंधक चालते, हे माळ्यांच्या जगात ठाऊक होते. राजोद्यानांचा प्रमुख विल्यम फोर्साइथ याने १८०२ च्या आपल्या ग्रंथात फळझाडांच्या अशा रोगावर गंधक आणि चुना असलेले एक मिश्रण सुचवले होते. पुढे जॉन रॉबर्टसन याने १८२१ साली लंडनच्या उद्यानविद्या संस्थेपुढे सांगितले की सप्ताळूच्या भुरीवर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे गंधक. आणि ते साबणाच्या पाण्यात कालवून द्यावे. टकरने द्राक्षाची भुकटी पाहिली, सप्ताळूची भुकटी आठवली, आणि गंधक, चुना व पाणी यांचे मिश्रण वेलींवर मारून पाहिले. ते लागू पडले. रोगाचे कारण काय याबद्दल विद्वानांचे एकमत होण्याच्या कितीतरी आधी त्याचा उपाय एका माळ्याच्या बादलीत तयार होता.

विद्वानांकडून या रोगाला नाव मिळाले १८४७ साली. मार्गेटचा नमुना पोचला माइल्स जोसेफ बर्कली यांच्याकडे. नॉर्थॅम्प्टनशर परगण्यातील एका खेड्याचे हे धर्मोपदेशक आणि आपल्या काळातील बुरशींचे थोर जाणकार. मागील धागा वाचलेल्यांना हे नाव आठवेल. बटाट्याचा करपा बुरशीमुळे होतो, कुजलेल्या झाडावर ती मागाहून उगवत नाही, असे १८४६ साली ठासून सांगणारे हेच बर्कली. त्यांनी द्राक्षाच्या बुरशीला ‘ओइडियम टकेरी’ असे नाव दिले. माळ्याचे नाव रोगाला लागले. हा सन्मान म्हणावा की दुर्दैव, हे आपण ठरवावे.

काचघरांतून काचघरांत हा रोग हिंडला आणि १८४० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसच्या परिसरात पोचला. तिथून तो उघड्यावर आला. १८५१ पर्यंत फ्रान्सचे द्राक्षमळे, इटली आणि भूमध्य सागराचा किनारा त्याने व्यापला. आकडा एकच देतो. १८५० साली फ्रान्समध्ये सुमारे साडेचार कोटी हेक्टोलीटर वाइन झाली होती. १८५४ साली ती सुमारे एक कोटी दहा लाखांवर आली. एक हेक्टोलीटर म्हणजे शंभर लीटर. चार वर्षांत तीन-चतुर्थांश पीक गेले. अटलांटिकमधील मदेरा बेटाची अवस्था त्याहून बिकट झाली. ते बेट वाइनवरच जगत होते. १८५२ च्या सुमारास रोग तिथे पोचला, वेली गेल्या आणि कुटुंबांच्या कुटुंबांनी देशांतर पत्करले.

इथे मला एक गोष्ट विलक्षण वाटते. उपाय ठाऊक असूनही तो मळ्यांपर्यंत पोचायला आठ-दहा वर्षे लागली. काचघरात पाच-पन्नास वेली असतात. तिथे माळी ब्रशने, बादलीने काम भागवतो. उघड्यावर हजारो एकर आणि लाखो वेली. तिथे गंधक किती, कधी आणि कशाने मारायचे? व्हर्सायच्या राजोद्यानातील काचघरांचा माळी ग्रिझों याने १८५२ साली गंधक आणि चुना पाण्यात एकत्र उकळून तांबूस-पिवळे द्रावण तयार केले. चुना-गंधकाच्या ज्या काढ्याची आजही अनेक देशांत फळबागांवर फवारणी होते, त्याचा हा पूर्वज. पुन्हा लक्षात घ्या: माळी, आणि काचघर.

मोठ्या मळ्यांसाठी मात्र कोरडी भुकटीच सोयीची ठरली, आणि तिचे शास्त्र बसवले दक्षिण फ्रान्समधील माँपेलिएच्या आंरी मारेस यांनी. ते स्वतः मळेवाले आणि रसायनाचे अभ्यासक होते. १८५० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी वर्षामागून वर्ष प्रयोग करून वेळापत्रक निश्चित केले: एकदा कोवळ्या फुटीवर, एकदा फुलोऱ्यात, एकदा मण्यात रंग भरण्याच्या सुमारास. गंधक उष्ण दिवसांत चांगले काम करते, कारण ते ऊबेने मंदपणे वायुरूप होते. मात्र ऊन अतिकडक असेल तर तेच गंधक पान भाजते, हेही अनुभवातून कळत गेले. हातभात्यांनी भुकटी उडवली जाऊ लागली. मळेवाल्यांचा विरोध झालाच. वाइनला कुजक्या अंड्याचा वास येईल अशी भीती होती आणि ती निराधार नव्हती. काढणीच्या अगदी तोंडाशी मारलेले गंधक आंबवणीत तसा वास देते. मजुरांचे डोळे सुजत. पण शेजाऱ्याचा मळा हिरवा आणि आपला करडा, हे दृश्य कोणत्याही पुस्तिकेहून बोलके असते. १८५८ पर्यंत फ्रान्सचे उत्पादन पूर्वपदावर आले होते.

बहुतेक लेखनात कथा इथे संपते. रोग आला, शास्त्र आले, पीक वाचले. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक साधा प्रश्न विचारायला हवा: हे गंधक येत कुठून होते?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जगाचे बहुतेक गंधक एकाच बेटातून निघे, ते म्हणजे सिसिली. ते इतके मोलाचे होते की १८४० साली गंधकाच्या मक्तेदारीवरून ब्रिटन आणि नेपल्सचे राज्य युद्धाच्या उंबरठ्यावर जाऊन आले होते. तेव्हाचे मोठे गिऱ्हाईक सल्फ्युरिक आम्लाचे कारखाने; ते पुढेही राहिले. त्यांत आता द्राक्षमळ्यांची भर पडली. खाणींत पुरुष खनिज फोडत आणि मुले ते पाठीवर लादून अंधाऱ्या, उंच पायऱ्यांनी वर आणत. या मुलांना ‘कारूसी’ म्हणत. सात-आठ वर्षांपासूनची ही पोरे. त्यांच्या आईबापांना खाणकऱ्याकडून आगाऊ रक्कम मिळे; तिला ‘सोक्कोर्सो मोर्तो’, म्हणजे ‘मृत साहाय्य’, असे नाव होते. ती फिटेपर्यंत पोर त्या माणसाचे. फिटणे अर्थातच दुर्मीळ. आपल्याकडील वेठबिगारी आणि सालगड्याची उचल ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे अधिक स्पष्टीकरण लागू नये.

१८७६ साली लिओपोल्दो फ्रांकेत्ती आणि सिद्नी सोन्निनो या दोघा तरुण अभ्यासकांनी सिसिलीची पाहणी केली; सोन्निनो यांनी आपल्या वृत्तांतात खाणींतील बालमजुरीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. तरीही १९१० साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन तिथे गेले तेव्हा ती पोरे ओझी वाहतच होती. वॉशिंग्टन स्वतः गुलामीत जन्मलेले. या पोरांची अवस्था पाहून ते हादरले, आणि १९१२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी त्यावर विस्ताराने लिहिले. (अवांतर: नोबेल पारितोषिक मिळवणारे नाटककार लुइजी पिरांदेल्लो यांच्या घराण्याचा पैसाही याच खाणींतला, १९०३ साली खाणीत पाणी शिरले आणि घर बुडाले.) सिसिलीची सद्दी संपवली ती अमेरिकेत भूगर्भातील गंधक गरम पाण्याने वितळवून वर काढण्याच्या फ्राश पद्धतीने. आज जगातील बहुतेक गंधक खनिज तेल आणि नैसर्गिक वायू शुद्ध करताना निघते.

सगळेच गंधक द्राक्षांवर गेले नाही, तेव्हा कारूसींचा सारा भार मळ्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. पण मारेस यांच्या वेळापत्रकातील प्रत्येक धुरळणीमागे कोणाची तरी पाठ होती, हे मी माझ्या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत तरी वाचले नव्हते.

गंधकाच्या जोडीने आणखी एक उपाय योजला गेला, तो महागात पडला. भुरी मूळची उत्तर अमेरिकेची. तिथल्या रानवेली तिच्याबरोबर वाढलेल्या, म्हणून तिला दाद न देणाऱ्या. तेव्हा युरोपात अमेरिकन वेली आणून लावण्याची टूम निघाली. त्या वेलींबरोबर मुळे खाणारा फायलोक्सेरा हा किडा आला आणि १८६० च्या दशकापासून त्याने फ्रान्सचे मळे मुळापासून उखडले. पाठोपाठ, १८७८ मध्ये, डावणीही तिकडूनच आली. एका रोगावरच्या उताऱ्याने दोन नवे रोग घरात आणले.

आता वाचकाच्या मूळ प्रश्नाकडे वळू. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रौढांसाठी गांजा कायदेशीर झाला. औषधी वापरासाठी परवानाधारक उत्पादन त्याआधीपासूनच चालू होते. (भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार विनापरवाना लागवड गुन्हा आहे, हा धागा लागवडीचा सल्ला नव्हे.) ही झाडे मोठ्या प्रमाणावर काचघरांत किंवा पूर्ण बंद खोल्यांत वाढवतात. अशा खोलीत झाडे दाटीने लावलेली असतात. दिवे मालवले की तापमान उतरते आणि दमटपणा चढतो. पाऊस नाही, ऊन नाही, वारा पंख्याचा असेल तेवढाच. नवी रोपे बियांऐवजी एकाच मातृवृक्षाच्या फाट्यांपासून करतात, त्यामुळे एका झाडाची भुरी शेकडो रोपांना वारशाने मिळते. टकरचे काचघर यापुढे मोकळे रान वाटावे. इथली बुरशी गोलोविनोमायसिस या प्रजातीची आहे. द्राक्षाची बुरशी हिच्यावर जगत नाही आणि हिची द्राक्षावर जगत नाही.

उपाय शोधताना हे उत्पादक पुन्हा गंधकाशीच आले, आणि तेही एका जुन्या वाटेने. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील माळी काचघर तापवणाऱ्या गरम पाण्याच्या नळांना गंधकाचा लेप देत. नळ तापला की गंधकाची वाफ सगळीकडे पसरे. मात्र गंधकाने पेट घेतला तर होणाऱ्या वायूने झाडेच मरत, म्हणून नळ किती तापू द्यायचा ही माळ्याची कसोटी असे. आज तेच काम विजेवर चालणारी छोटी पात्रे करतात. रात्री खोली बंद करून, माणसे बाहेर काढून, गंधक न पेटवता वितळवले जाते. गुलाबाच्या आणि काकडीच्या पॉलिहाऊसमध्येही अशी पात्रे लावतात.

पण गांजाच्या बाबतीत एक अडचण आहे, जी टकरला नव्हती. या झाडाचा विकाऊ भाग म्हणजे चिकट, केसाळ फूल, आणि ते धुता येत नाही. फुलोरा सुरू झाल्यावर गंधक दिले तर ते त्या चिकट लवेत अडकून राहते आणि वापरणाऱ्याच्या श्वासात जाते. म्हणून जाणते उत्पादक गंधक फक्त वाढीच्या काळात देतात, तेलाच्या फवारणीपासून त्याला दोन आठवडे तरी दूर ठेवतात (दोन्ही एकत्र आले की पान करपते), आणि फुलोऱ्यात पोटॅशियम बायकार्बोनेट, उपकारक जिवाणू, खालची पाने काढून हवा खेळती ठेवणे, दमटपणा उतरवणे यांवर भिस्त ठेवतात. फूलच पांढरे झाले तर ते टाकून देण्यावाचून उपाय नाही.

सगळेच जाणते नव्हते. मायक्लोब्युटॅनिल हे भुरीवरचे आंतरप्रवाही बुरशीनाशक आहे. द्राक्षावर ते अनेक देशांत चालते, आपल्याकडेही. खाल्ल्या जाणाऱ्या फळावर किती अंश चालेल याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. पण गांजाचे फूल जाळून ओढले जाते, आणि हे द्रव्य उष्णतेने विघटित झाले की हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू तयार होतो. म्हणून कॅनडाने गांजावर त्याला परवानगी दिली नव्हती. तरीही २०१६ च्या अखेरीस आणि २०१७ च्या आरंभी काही परवानाधारक उत्पादकांच्या मालात त्याचे अंश सापडले आणि माल परत मागवावा लागला. ग्राहकांत औषध म्हणून घेणारे रुग्ण होते. त्यानंतर तिथे कीटकनाशकांच्या अंशांची तपासणी कडक झाली.

हे वाचताना मला २०१० आठवले. क्लोरमेक्वाट, ज्याला आमच्याकडे ‘सीसीसी’ म्हणतात, त्या वाढरोधकाच्या अंशांमुळे त्या हंगामात महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडकली. मी तेव्हा शाळेत होतो. द्रव्य निराळे, पीक निराळे; पण रात्री ओट्यावर बसून घडांचा भाव आणि बँकेचा हप्ता यांची वजाबाकी करणारे वडील आणि त्यांच्याकडे न पाहता तांदूळ निवडणारी आई, एवढे मला स्पष्ट आठवते. तेव्हापासून आमच्या बागेत फवारणीची वही ठेवली जाते. तारीख, औषध, प्रमाण, काढणीला उरलेले दिवस. तिच्या बऱ्याच पानांवर वडिलांच्या अक्षरात पहिली नोंद ‘गंधक’ अशीच आहे.

शेवटी नावाविषयी. १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये या बुरशीची लैंगिक अवस्था सापडली आणि ती अमेरिकेतील बुरशीच असल्याचे नक्की झाले. तिचे वर्णन श्वाइनिट्झ यांनी १८३४ सालीच करून ठेवले होते, म्हणून नामकरणाच्या नियमांनुसार त्यांचे नाव टिकले. आज शास्त्रीय ग्रंथांत ती ‘एरिसिफे नेकेटर’ आहे. टकर हे नाव गेले. फ्रेंच मळेवाले मात्र अजूनही तिला ‘ओइडियम’ म्हणतात आणि निफाडात ती भुरीच आहे.

पुढच्या धाग्यात डावणी आणि बोर्डो मिश्रण.